थांबला तर गुदमरणारा मासा

हतनूर किंवा गिरणा धरणाच्या पाण्यात गळ टाकणारा माणूस आमिष सोडून काठावर निवांत बसतो. रोहू, कटला येतील तेव्हा येतील. तापीचं पाणी सुरतेजवळ ज्या अरबी समुद्रात मिळतं, तिथल्या कुप्याला म्हणजे ट्यूनाला ही पद्धत चालत नाही. इतर बरेच मासे जागेवर राहून कल्ल्यांतून पाणी खेळवतात. कुप्याला ते जमत नाही. तोंड किंचित उघडं ठेवून सतत पोहत राहिला तरच त्याला ऑक्सिजन मिळतो. म्हणून त्याच्यासाठी आमिषही पळतं लागतं.

बोट 6 ते 9 नॉट, म्हणजे ताशी साधारण 11 ते 17 किलोमीटर वेगाने चालते. मागे बहुधा पाच नकली आमिषं ओढली जातात, रबरी झालरीची, माकूळ (स्क्विड) किंवा उडत्या माशासारखी भासणारी. दोन आमिषं बोटीजवळ, आणखी दोन दोन्ही बाजूंना काढलेल्या लांब काठ्यांवरून थोडी मागे, आणि एक मधोमध सगळ्यांच्या पार मागे. बोटीमागे उठणाऱ्या लाटांच्या बोटीकडच्या उतारावर प्रत्येक आमिष बसवतात. तिथे ते हवा घेऊन बुडतं, बुडबुड्यांची शेपटी सोडतं, पुन्हा वर येतं. पांढऱ्या फेसात गेलं तर ते माशाला दिसणारच नाही.

खरी गंमत वळणावर कळते. खळ्यात मेढीभोवती बैलांची पात फिरते, तेव्हा मेढीजवळचा बैल रेंगाळतो आणि कडेचा झपाझप चालतो. बोट वळली की आतल्या बाजूची आमिषं तशीच मंदावून बुडू लागतात, बाहेरची वेग घेतात. त्यामुळे जवळचे दोर आखूड व खाली, लांबचे उंच काठीवरून सोडतात. म्हणजे वळताना लांबचा दोर आखूड दोरावरून निघून जातो, गुंता होत नाही. माझ्या मते या मांडणीतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

रंगांवर मात्र गरजेपेक्षा जास्त वाद होतो. पाणी लाल प्रकाश आधी शोषतं, निळा सर्वांत खोल पोचतो. वीस मीटर खालून वर पाहणाऱ्या माशापर्यंत आमिषाचा लाल रंग जवळजवळ पोचतच नाही. त्याला दिसते ती उजळ आकाशावरची काळसर आकृती. म्हणूनच पहाटे आणि सांजेला, प्रकाश कमी असताना, अनेक जण काळी-जांभळी आमिषं लावतात. गडद रंगाची कडा तेव्हा ठळक उठते.