माजी राष्ट्रप्रमुखाला ठेवायचं कुठं?

आर्थर रोड जेलची बराक नंबर 12 मुंबईत फार थोड्यांनी पाहिली असेल, पण लंडनच्या एका न्यायाधीशांनी पाहिली आहे. जुलै 2018मध्ये विजय मल्ल्या यांच्या प्रत्यर्पणाच्या खटल्यात वेस्टमिन्स्टर न्यायालयाने तिचा व्हिडिओ मागवला आणि अट घातली की चित्रीकरण भर दुपारी करा, दिवे न लावता. खिडकीतून खरोखर उजेड येतो का, एवढंच बघायचं होतं. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने 2016 साली एक माप पक्कं केलंय: सामायिक कोठडीत माणशी निदान 3 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात 32 चौरस फूट. आठशेच्या आसपास क्षमता आणि बहुतेक वेळा त्याच्या तिप्पट-चौपट बंदी अशा तुरुंगात ही जागा देऊ, अशी लेखी हमी परदेशी न्यायालयांना दिली जाते ती याच बराकीच्या जोरावर.

कर्ज बुडवलेल्या उद्योगपतीच्या बाबतीत वाद साधारण इथंच संपतो. कैदी माजी राष्ट्रप्रमुख असला की आणखी तीन प्रश्न येतात. शेजारच्या कोठडीत कोण? त्याचे अंगरक्षक आत जाणार की फाटकावर थांबणार? आणि बाहेर समर्थक जमले तर त्यांना कुठं उभं करायचं? गज, कुलूप, भिंत हा यातला सोपा भाग. कसाबसाठी याच आर्थर रोडमध्ये स्फोटाला दाद न देणारी कोठडी आणि तिथून विशेष न्यायालयापर्यंत बंदिस्त वाट बांधली गेली, म्हणजे बांधकाम खात्याला जमणार नाही असं काही नाही. अडतं ते माणसांपाशी.

इंग्रजांनी हे तिन्ही प्रश्न अंतराने सोडवले. पदच्युत राजाला त्याच्या माणसांपासून इतकं लांब न्यायचं की जमाव जमायलाच नको. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह 1839 साली गादीवरून गेले, त्यांना काशीला पाठवलं. 1847 साली ते तिथंच वारले. बहादूरशहा जफर 1858 साली रंगूनला गेला. 1862 साली तो वारला, तेव्हा त्याच दिवशी दफन उरकून कबरीची जागा सपाट केली गेली. पुढे ब्रह्मदेश जिंकल्यावर हीच वाट उलटी चालली आणि मंडालेचा थिबा राजा 1886 साली रत्नागिरीला येऊन पडला. रत्नागिरीच का, ते नकाशा बघितला की कळतं: पाठीशी सह्याद्री, समोर समुद्र, येणंजाणं बोटीने. रेल्वे यायला पुढची शंभर वर्षं लागली. थिबा पॅलेस बांधून झाला तो 1910च्या सुमारास, म्हणजे राजाच्या कैदेची चोवीसेक वर्षं सरल्यावर. डिसेंबर 1916मध्ये तो तिथंच वारला. घर मोठं, दिमतीला नोकर, पण गाव सोडायची मुभा नाही.

अंतराचा हा उपाय स्वस्त मात्र नव्हता. सेंट हेलेना बेटावर एकट्या नेपोलियनसाठी दोन हजारांहून जास्त सैनिक ठेवले होते आणि एका अधिकाऱ्याने दिवसातून दोनदा त्याला प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून तो आहे असं कळवायचं. नेपोलियनने खोलीबाहेर पडणंच टाळायला सुरुवात केली, तेव्हा त्या अधिकाऱ्याची जी तारांबळ उडाली ती आजच्या कुठल्याही जेलरला ओळखीची वाटेल. गणती जुळली नाही तर दिवस पुढे सरकत नाही.

आता कायद्याकडे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 361 प्रमाणे राष्ट्रपती पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी कारवाई चालत नाही, अटकेचं वॉरंटही निघत नाही. पद सुटलं की हे कवच गेलं. स्वतंत्र भारतात कुणी माजी राष्ट्रपती तुरुंगात गेलेले नाहीत. माजी पंतप्रधानांपैकी इंदिरा गांधी डिसेंबर 1978मध्ये आठवडाभर तिहारमध्ये होत्या, तेही लोकसभेच्या हक्कभंगापायी. नरसिंह राव यांना 2000 साली तीन वर्षांची शिक्षा झाली, पण जामिनावर ते बाहेरच राहिले आणि 2002 साली दिल्ली उच्च न्यायालयात सुटले.

खरी किल्ली आहे ती 1894च्या तुरुंग कायद्यातल्या तिसऱ्या कलमात. तुरुंग म्हणजे काय? सरकारच्या साध्या किंवा खास हुकुमाने बंदी ठेवायला कायमची वा तात्पुरती वापरलेली कुठलीही जागा. ‘तात्पुरती’ या शब्दात सगळं आलं. 1930च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. 1942 ते 1944 गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. आजच्या कारभारी भाषेत याला उपकारागृह किंवा सब-जेल म्हणतात. एक अधिसूचना निघते, फाटकावर तुरुंगाचा पहारा बसतो, आणि कालपर्यंतच्या बंगल्यात पाहुण्याला यायचं तर तुरुंग अधीक्षकाची परवानगी लागते.

शेजाऱ्यांनीही हाच इंग्रजी वारसा वापरला. एप्रिल 2013मध्ये पाकिस्तानचे माजी राष्ट्राध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांचं इस्लामाबादजवळचं फार्महाऊसच सब-जेल झालं. बांगलादेशात 2018 साली खालिदा झिया (त्या माजी पंतप्रधान, राष्ट्रप्रमुख नव्हेत) यांना ढाक्याच्या नाझिमुद्दीन रोडवरच्या जुन्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवलं. तिथले कैदी 2016 सालीच केराणीगंजच्या नव्या तुरुंगात हलवले होते. अख्ख्या तुरुंगात कैदी एक, आणि न्यायालयाच्या परवानगीने सोबतीला घरची मोलकरीण. शेजाऱ्याचा प्रश्न सुटला खरा, पण ओस पडलेल्या इमारतीत दवाखाना, स्वयंपाकघर, रात्रपाळी सगळं एका माणसासाठी चालवायचं, आणि एकांतवासाचा आरोप वर. सब-जेलचं दुखणं नेमकं उलटं असतं: कैदी सुखात, लोक संतापलेले.

लॅटिन अमेरिकेत मधला मार्ग निघाला, पोलिसांच्या आवारातला. पेरूची राजधानी लिमाच्या पूर्वेला आते भागात पोलिसांच्या विशेष पथकाचा तळ आहे. त्याच्या आत बार्बादियो नावाचा छोटा तुरुंग माजी राष्ट्राध्यक्ष अल्बेर्तो फुजिमोरी यांच्यासाठी तयार झाला. ते 2007 साली चिलीहून आणले गेले, 2009 साली त्यांना 25 वर्षांची शिक्षा झाली. भोवती सशस्त्र पोलीसच असल्याने जमाव आणि शेजारी दोन्ही प्रश्न मिटले. पण पेरूने एकाच्या मापाने जागा केली आणि राष्ट्राध्यक्ष एकामागून एक आत येत गेले. 2023 साली फुजिमोरी, अलेहांद्रो तोलेदो आणि पेद्रो कास्तियो हे तिघे एकाच वेळी तिथं होते. एकमेकांचे राजकीय वैरी एका छोट्या आवारात ठेवायचे तर कुणी कधी अंगणात यायचं याचं वेळापत्रक सांभाळणं हेच मोठं काम होऊन बसतं.

ब्राझीलमध्ये लुला 7 एप्रिल 2018 रोजी शरण आले, तेव्हा न्यायाधीशांनी पदाचा मान म्हणून साध्या तुरुंगाऐवजी कुरितिबाच्या फेडरल पोलीस कार्यालयात वेगळी खोली द्यायला सांगितलं. वरच्या मजल्यावर, स्वतःच्या न्हाणीघरासह साधारण 15 चौरस मीटर. फुटांत 160, बीडीडी चाळीतल्या खोलीएवढी. फरक असा की चाळीत त्यात सहा-आठ जण राहिले. या सोयीत खोट एकच निघाली: पोलीस कार्यालय वस्तीत होतं. समर्थकांनी बाहेर तळ ठोकला आणि 580 दिवस रोज सकाळी सगळे मिळून ‘सुप्रभात, राष्ट्राध्यक्ष लुला’ असा पुकारा करत राहिले. रोजच्या कामासाठी येणारे लोक, शेजारी, पोलीस, सगळेच टेकीला आले. ऑगस्ट 2019मध्ये त्यांना साओ पाउलो राज्यातल्या तुरुंगात हलवायचा हुकूम निघाला, तो सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी रोखला.

फ्रान्सने मात्र निकोला सार्कोझी यांना सरळ नेहमीच्याच तुरुंगात धाडलं. 21 ऑक्टोबर 2025 रोजी ते पॅरिसच्या ला सांतेत दाखल झाले. तुरुंग 1867चा, 2019 साली नूतनीकरण होऊन पुन्हा उघडलेला. त्यांना विलगीकरण विभागात कोठडी मिळाली, 9 चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे शंभर चौरस फुटांहून कमी. आतच शॉवर आणि संडास. फिरायला छोटं अंगण, तेही एकट्याने. विलगीकरणाचा नियम असा की या कैद्याला दुसरा कैदी दिसता कामा नये. आवाज मात्र थांबत नाही. आत चोरून आलेल्या मोबाइलवर कैद्यांनी त्यांना धमकावणारा व्हिडिओ काढला, झडती झाली, तिघांना ताब्यात घेतलं. दुसरी पंचाईत अंगरक्षकांची. गृहखात्याने दोन पोलीस जवळच्या कोठडीत मुक्कामाला ठेवले, त्यावर तुरुंग कर्मचाऱ्यांच्या संघटना उसळल्या. त्यांचा मुद्दा मला रास्त वाटतो: तुरुंगाच्या आत एकच हुकूम चालला पाहिजे. आतल्या पहारेकऱ्याजवळ बंदूक नसते ती काही विसरून नव्हे. बंदूक हिसकावली जाऊ शकते. सार्कोझी वीस दिवसांनी, 10 नोव्हेंबरला बाहेर आले.

दक्षिण कोरियाने हा प्रश्न आधीच निकालात काढला होता. कोठडीचा हुकूम बजावला गेला की माजी राष्ट्राध्यक्षाचं संरक्षण पथक फाटकावर थांबतं, पुढची जबाबदारी तुरुंगाची. पार्क ग्युन-हे 2017 साली सोलजवळच्या उइवांगच्या तुरुंगात गेल्या, त्यांना नेहमीच्या एकांत कोठडीपेक्षा मोठी, 10 चौरस मीटरच्या आसपासची कोठडी मिळाली. पदावर असलेल्या यून सुक-योल यांना पकडताना मात्र हेच पथक आडवं आलं. 3 जानेवारी 2025 रोजी तपास अधिकारी माणसांच्या भिंतीपुढे परत फिरले आणि 15 तारखेला पुन्हा येऊन अटक केली. तुरुंग सोपा निघाला, घराचं फाटक अवघड.

बाहेरच्या जमावाची खरी किंमत दक्षिण आफ्रिकेने मोजली. न्यायालयाच्या अवमानासाठी 15 महिन्यांची शिक्षा झालेले जेकब झुमा 7 जुलै 2021च्या रात्री एस्टकोर्टच्या नव्या, शहरांपासून दूरच्या तुरुंगात गेले. तुरुंगाबाहेर शांतता राहिली. दंगे क्वाझुलू-नाताल आणि गाउटेंगमध्ये उसळले, साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. दोन महिन्यांत झुमा वैद्यकीय पॅरोलवर बाहेर.

हा वैद्यकीय दरवाजा जगभर सारखाच. कैदी साठीच्या पुढचा, आजार खरा, डॉक्टरांना मरणाचा ठपका नको. श्रीलंकेचे रनिल विक्रमसिंघे 22 ऑगस्ट 2025 रोजी अटक झाले, लगेच तुरुंगाच्या दवाखान्यातून कोलंबोच्या राष्ट्रीय रुग्णालयात अतिदक्षता विभागात, आणि 26ला जामीन. ही धास्ती उगाच नाही. सर्बियाचे माजी राष्ट्राध्यक्ष स्लोबोदान मिलोसेविच 11 मार्च 2006 रोजी हेगजवळच्या स्खेव्हेनिंगेनच्या कोठडीत मेले. त्याआधी त्यांच्या रक्तात रिफाम्पिसिन सापडलं होतं, क्षयाचं औषध, जे रक्तदाबाच्या गोळ्यांचा असर कमी करतं. ते त्यांना कुणी लिहून दिलं नव्हतं. तेव्हापासून अशा कैद्याची गोळी पहारेकऱ्यासमोर गिळली जाते का, यावर सगळ्यांचं लक्ष. घरकैदेत हे जमत नाही. तिथं पायातला इलेक्ट्रॉनिक पट्टा हाच पहारेकरी. ब्राझीलचे माजी राष्ट्राध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांनी नोव्हेंबर 2025मध्ये त्या पट्ट्याला सोल्डरिंगची सळई लावली आणि घरातून थेट पोलिसांच्या कोठडीत गेले.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने शिक्षा दिली तर ठेवायला देशच शोधावा लागतो. लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा खटला सुरक्षेसाठी सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनहून हेगला हलवला, तेव्हा नेदरलँड्सने बजावलं की शिक्षा झाली तर कैदी दुसऱ्या कुणीतरी न्यायचा. ब्रिटनने त्यासाठी 2007 साली खास कायदा केला. 50 वर्षांची शिक्षा घेऊन टेलर ऑक्टोबर 2013मध्ये डरहॅमच्या फ्रँकलंड तुरुंगात आले. बायकामुलांना भेटायला येता येत नाही म्हणून त्यांनी रवांडात हलवायची मागणी केली. 2015 साली ती फेटाळली गेली.