संकलन, बँक आणि अंगावरचं दूध

कोल्हापुरात 'दूध संकलन' म्हटलं की गावची संस्था आठवते. किटल्यांची रांग, दुधाची प्रत ठरवणारे फॅट, एसएनएफ, दहा दिवसांचं बिल. तोच शब्द बाळंतिणीच्या वॉर्डात गेला की सासूबाईंना डेअरीच आठवते आणि घोटाळा होतो. परक्या बाळासाठी दूध काढून देण्याला मराठीत अजून धड नाव नाही, आणि बायकांची निम्मी नाखुशी मला तिथंच दिसते.

पूर्वी दूधआई असायची. संभाजीराजांच्या दूधआईची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती समोर बसलेली, माहितीतली बाई.

1989 साली मुंबईच्या एका पालिका रुग्णालयात आशियातली आईच्या दुधाची पहिली पेढी निघाली, तेव्हापासून आपल्याकडं 'मिल्क बँक' रुळलं. बँक म्हटली की ठेव आली, ठेव म्हटली की ती परत मिळणार. इथं परत काहीच मिळत नाही. केंद्राच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत सरकारी रुग्णालयांसाठी 'स्तनपान व्यवस्थापन केंद्र' हा शब्द आला. त्यातही फोड अशी, की सर्वंकष केंद्रात दात्या आईचं दूध चालतं, छोट्या युनिटात फक्त आईचं तिच्याच बाळासाठी. हा फरक बाळंतिणीला कोण सांगणार? हातात पंप आला की तिला वाटतं, आपलं दूध चाललं दुसरीकडं.

दान विनामोबदला, हे त्याच सूचनांत आहे. तरी बंगळूरच्या एका कंपनीला आईच्या दुधासाठी चक्क दुग्धजन्य पदार्थांचा परवाना मिळाला होता! तो पुढं रद्द झाला, आणि मे 2024 मध्ये अन्न नियामकानं या दुधाच्या विक्रीला कायद्यात जागाच नसल्याचं बजावलं. म्हणजे संकलनाची गल्लत एकट्या सासूबाईंची नव्हे.

घरात ऐकू येतं ते असं: काढून दिलं तर आटेल, बाळाच्या वाटणीचं कशाला, दृष्ट लागेल. खरं तर काढावं तसं येतं. देणाऱ्या तरी तयार होतात. घेताना जास्त अडतं. कुणाचं दूध, कुठल्या घरचं? देणाऱ्या बाईची रक्ततपासणी, दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवणं, मग उणे 20 अंशांत साठवण, हे सगळं सांगितलं तरी बाटलीवर बाईचं नाव नसतं. कमी दिवसांत जन्मलेल्या बाळाला नळीतून दोन-दोन मिली द्यायचं असतं, घरच्यांची सही पाहिजे असते, आणि आजी दारातच विचारते, "हे वरचंच दूध न्हवं?"

कोल्हापुरातल्या गंगावेशच्या दूधकट्ट्यावर मात्र फेसाळ ग्लास बिनघोर तोंडाला लागतो. तिथं म्हशीची धार डोळ्यांदेखत काढतात.