ऊन रणरणतं, मग युनिट कमी का? (छतावर सौर पॅनेल बसवलेल्या ग्राहकांसाठी)

एप्रिल लागला की दुकानातला फोन वाजायला लागतो. "अहो, डोकं फुटेल एवढं ऊन आहे आणि मार्चपेक्षा युनिट कमी दिसतायत. पॅनेल बिघडलं का?" बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उकाड्याचा त्याला त्रासच होतो. आणि जिथे ऊन जास्त तिथे उकाडाही जास्त, असं सरसकट नसतं.

लेह घ्या. सुमारे ३,५०० मीटर उंची, कोरडी विरळ हवा, ढग कमी. ऊन इतकं प्रखर की कातडी करपते, तरी जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्या कितीतरी खाली. कारण ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमीन तापवतं आणि जमीन हवेला. शिवाय वर जाणारी हवा पसरते आणि गार होते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी. पन्हाळा आपल्या कोल्हापूरपेक्षा चारेकशे मीटर उंच, म्हणून दोन-अडीच अंश गार. ऊन मात्र तिथे कमी नसतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. जमिनीत ओल असेल तर उन्हाचा बराच जोर तिची वाफ करण्यात जातो. पंचगंगेकाठच्या पाणी पाजलेल्या उसात आणि राजारामपुरीतल्या स्लॅबवर दुपारी ऊन तेच पडतं, पण स्लॅबवर पाय ठेवून बघा. मे महिन्यात रत्नागिरीला समुद्र सांभाळून घेतो. चंद्रपूरला सांभाळणारं कोणी नाही, तिथे पारा ४५च्या पुढे जातो.

आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मेमध्ये आपण घामाने निथळत असतो. ऑगस्टमध्ये पुराच्या धास्तीने पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतो, आणि ढगांमुळे युनिटही पडलेले असतात.

आता तुमच्या छताचा हिशेब. पॅनेलवर छापलेली क्षमता पॅनेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंश असली तरी काळं पॅनेल सहज ६५ पर्यंत जातं. २५च्या वरच्या प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. म्हणजे ४० अंशांचे १४ टक्के गेले. ३ किलोवॅटच्या पॅनेलकडून भर उन्हातही २.६ च्या आतबाहेरच मिळणार, आणि धूळ, वायर, इन्व्हर्टर आपापला वाटा वेगळा घेतात. मोबाइलवरचा आलेख बघा. निरभ्र दिवशी त्याचं टोक साडेबाराच्या सुमारास येतं, कारण कोल्हापुरात सूर्य तेव्हाच सर्वांत वर असतो. उकाड्याचं टोक तीनच्या आसपास, तोवर आलेख उताराला लागलेला असतो.

डिसेंबरात पॅनेल गार राहतं, पण दिवस मेपेक्षा दोन तासांनी लहान. म्हणून बऱ्याच छतांवर फेब्रुवारी-मार्चचा आकडा सर्वांत चांगला निघतो. वळीव झाल्यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ बघण्यासारखी असते: पॅनेल धुतलेलं, हवा गार, आकाश स्वच्छ.

पॅनेलखाली वारा खेळला पाहिजे, म्हणूनच आम्ही स्टँड उंच घ्यायला सांगतो. पत्र्याला चिकटवून बसवलं तर चार पैसे वाचतात, पण पत्र्याची धग खालून लागते. त्या मोकळ्या जागेत कृपा करून जुनी खाट, कुंड्या, शेणी ठेवू नका. (ठेवतात!) साखर कारखान्यांच्या आणि गुऱ्हाळांच्या हंगामात काजळी बसते, तेव्हा पंधरवड्यातून एकदा पुसलंत तरी चालेल. पण सकाळी लवकर पुसा. तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. घासणी आणि धुण्याची पावडर नकोच, साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

सोलर वॉटर हीटरचं गणित उलटं आहे. त्याला गरम हवा सोयीचीच, आणि हिवाळ्यात टाकीत येणारं पाणीच गार असल्यामुळे आंघोळीचं पाणी थोडं कोमट वाटतं.

एप्रिल-मेमध्ये दुपारचा आकडा थोडा खाली आला तर काळजी नको. निरभ्र दिवशी तो एकदम निम्म्यावर आला, आलेखात मध्येच खड्डा पडला किंवा इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला, तर मात्र थांबू नका. फोन करा, माणूस पाठवतो. येताना तो आधी शेजारच्या नव्या मजल्याची किंवा वाढलेल्या नारळाची सावली पडते का बघेल, मग वायरिंगला हात घालेल.