दुबईला जाताना पावणेदोन तास, येताना साडेचार?

खेड-दापोलीपासून रत्नागिरीपर्यंत आखातात कोणीच नाही असं गाव सापडणं कठीण, त्यामुळे हा दावा आपल्याकडे जोरात फिरतो. मुंबईहून दहाला सुटलेलं विमान दुबईला पावणेबाराला उतरतं आणि तिकडून एकला सुटलेलं मुंबईत साडेपाचला, म्हणे पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून दुबईच विमानाकडे सरकत येते!

अहो, तिकिटावर वेळ त्या त्या शहराची असते. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. हिशोब धरा, जाताना सव्वातीन तास आणि येताना तीनच्या आसपास. म्हणजे उलटंच झालं, पश्चिमेला जायलाच जास्त वेळ. अंतर मात्र तेच, साधारण १९०० किमी.

आपल्या अक्षांशावर जमीन ताशी जवळजवळ १६०० किमी वेगाने पूर्वेला धावते. ती विमानाखालून निसटत असती तर मालवणवर तासभर एका जागी थांबलेलं हेलिकॉप्टर खाली उतरताना भर अरबी समुद्रात पडलं असतं. तसं होत नाही, कारण जमीन, हवा आणि हेलिकॉप्टर सगळेच सोबत फिरतात. याच गोष्टीवरून "पृथ्वी फिरतच नाही" असे व्हिडिओ करणारे लोक आहेत आणि शाळेतली पोरं ते खरे मानतात, याचा मला मनापासून राग येतो.

खरं कारण वारा. खाडीत ओहोटीबरोबर होडी पटकन बाहेर पडते आणि तिच्याविरुद्ध आत यायला दम लागतो, तसंच. ताशी ८५० किमीच्या विमानाला १०० किमीचा वारा मागून मिळाला तर १९०० किमीला दोन तास, समोरून आला तर अडीच. वारा नसता तर सव्वादोन. (तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीवरचा आणि चढण्या-उतरण्याचा वेळही धरलेला असतो, म्हणून ती जास्त दिसते.)

आता हा वारा येतो कुठून, ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. गरम हवा फुगते, त्यामुळे १०-१२ किमी उंचीवर गरम प्रदेशावर दाब जास्त आणि थंड प्रदेशावर कमी असतो. हिवाळ्यात दक्षिण गरम, उत्तर थंड, म्हणून वरची हवा उत्तरेकडे ढकलली जाते, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा स्वतःच्या उजवीकडे वळते, म्हणजे पूर्वेला, आणि उत्तर भारतावरून पश्चिमेकडून येणारा जबरदस्त जेट प्रवाह, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, तयार होतो. म्हणजे पृथ्वीचं फिरणं यात आहेच, पण वाऱ्यामार्फत!

पावसाळ्यात सगळं उलटतं. तिबेटचं पठार आणि उत्तर भारत तापतो, दक्षिणेचा समुद्र त्यामानाने थंड, मग वरची हवा दक्षिणेकडे निघते आणि उजवीकडे वळून पश्चिमेला धावते. कोकणात खाली नैऋत्येचा पाऊस झोडपत असतो तेव्हा डोक्यावर १४-१५ किमीवर वारा पूर्वेकडून पश्चिमेला जात असतो. हा पूर्वीय जेट भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ च्या शोधनिबंधात मांडला, आपल्या पोरांना हे नाव माहीत असायला हवं. विमानं त्याच्या थोडी खालून जातात, तरी जाण्यायेण्यातला हिवाळ्यातला फरक पावसाळ्यात बराच कमी होतो.

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून मुंबईला जाताना मात्र यातलं फारसं काही लागू नाही. हवाई अंतर जेमतेम ३५० किमी, तेही दक्षिण-उत्तर, त्यामुळे वारा बहुतेक आडवाच. तिथे वेळ जातो तो चढण्या-उतरण्यात आणि मुंबईवर उतरायच्या रांगेत.