ब्रेक दाबला की चाक का ओरडतं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक सल्ला फिरतोय. ब्रेक दाबल्यावर चाकातून 'कीं' असा आवाज येत असेल तर डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, तेलाचे दोन थेंब सोडायचे, म्हणे. कृपा करून कुणीही असं करू नका. आवाज थांबेलही, पण ब्रेकचं सगळं काम घर्षणावर चालतं आणि तेल नेमकं तेच मारतं. ब्रेक दाबला की डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात ते पॅड. त्यांच्यावरचा मसाला, म्हणजे घासणारा थर, सच्छिद्र असतो. तेल एकदा आत मुरलं की पुसून निघत नाही, पॅड बदलावेच लागतात. कात्रजच्या घाटात उतारावर असा ब्रेक दाबायची वेळ कुणावर येऊ नये.

मग हा आवाज येतो कुठून? आधी एक साधी गोष्ट बघा: गाडीचा वेग बदलला की आवाज बदलतो का?

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. लहान गाडीच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला पाचेक फेरे घेतं. चाकाबरोबर फिरणारं काही घासत असेल, तर 'खर्र... खर्र' सेकंदाला पाच वेळा येईल आणि गाडी मंदावली की तोही मंदावेल. किंचाळणाऱ्या ब्रेकचं तसं नसतं. सिग्नलला गाडी पूर्ण थांबेपर्यंत त्याच्या सुराची पट्टी जवळपास तीच राहते. ही कंपनं सेकंदाला हजारापासून पार पंधरा-सोळा हजारांपर्यंत असू शकतात. पाच फेऱ्यांमधून दोन-तीन हजार कंपनं निघतात कशी, हा माझ्या मते सगळ्या गाडीतला सर्वांत सुंदर प्रश्न आहे.

डिस्क बिडाची असते, आणि बिडाच्या तबकडीला स्वतःची ठरलेली कंपनसंख्या असते. देवळातली घंटा हळू वाजवा किंवा जोरात, तिचा सूर तोच राहतो, तसंच हे. पण घंटेला टोल द्यावा लागतो. डिस्कला टोल कोण देतं?

जुनं उत्तर असं: थांबलेल्या वस्तूचं घर्षण सरकत्या वस्तूपेक्षा जास्त असतं. त्यामुळे पॅड डिस्कला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि या झटक्यांनी कंपन सुरू होतं. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. वेग बदलला तरी ज्यांचं घर्षण फारसं बदलत नाही, असे पॅडही किंचाळतात.

दुसरं उत्तर जरा सावकाश वाचा. डिस्क आडवी, आत-बाहेर थरथरू शकते. कॅलिपरमधला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यातला, पॅड डिस्कच्या फिरण्याच्या दिशेने पुढे-मागे थरथरू शकतो. या दोन हालचाली एरवी वेगवेगळ्या. पण घर्षणाचं बळ म्हणजे दाब गुणिले घर्षणांक, हे शाळेतलं सूत्र त्यांना बांधून टाकतं. डिस्क पॅडकडे किंचित झुकली की दाब वाढतो, म्हणून घर्षण वाढतं, म्हणून पॅड पुढे ओढला जातो. ओढला गेलेला पॅड तिरपा होतो आणि डिस्कला परत ढकलतो. दोघांच्या कंपनसंख्या एकमेकींपासून लांब असतील तर हे धक्के अवेळी पोचतात आणि विरून जातात. त्या जवळ असतील तर घर्षण त्यांना आणखी जवळ ओढतं, शेवटी दोन्ही एकच होतात. मग प्रत्येक धक्का बरोबर वेळेवर बसतो. फिरत्या चाकाची थोडीशी ऊर्जा प्रत्येक कंपनात भरली जाते आणि कंपन वाढत जातं. ते अखेर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास स्थिरावतं, पण डिस्कचा पृष्ठभाग मोठा असल्याने तेवढंही अख्ख्या चौकाला ऐकू जातं.

यातून दोन गोष्टी निघतात. घर्षणांक जितका जास्त, तितकी ही गाठ घट्ट. म्हणजे उत्तम पकडणारा ब्रेकही किंचाळू शकतो. आणि किंचाळणं हा एकट्या पॅडचा गुण नाही, ते डिस्क, पॅड आणि कॅलिपर मिळून ठरतं. 'अमुक सिरॅमिक पॅड टाका, जन्मात आवाज नाही' हा दावा म्हणूनच पोकळ आहे. गॅरेजमध्ये पॅड पॉलिश पेपरवर घासून दिला की चार दिवस शांतता असते, पण डिस्क आणि पॅडच्या कंपनसंख्या फारशा हललेल्या नसतात, म्हणून आवाज परत येतो. पॅडच्या पाठीमागे शिम, म्हणजे रबराचा थर असलेली पातळ पट्टी, लावली तर कंपन त्या रबरात जिरतं. पॅडच्या कडा उतरत्या केल्या तरी फरक पडतो.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर येऊन थांबली तर काळजी नको. खोदलेल्या रस्त्यावरची बारीक खडी डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात अडकली, तर ब्रेक न दाबताही किरकिर येते. नुसती घूं-घूं वेगाबरोबर वाढत असेल आणि वळणावर कमी-जास्त होत असेल तर बेअरिंग बघा. पेडल पायाखाली धडधडत असेल तर मेकॅनिक 'डिस्क वाकली' म्हणतो. बहुतेकदा ती वाकलेली नसते, तिची जाडी ठिकठिकाणी असमान झालेली असते.

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण आवाज येतोय म्हणजे नजर लागली, दसऱ्याच्या पूजेनंतर बघू, असं म्हणून गाडी चालवत राहणं जिवावर बेतू शकतं. कारण एक किंचाळी मुद्दाम बसवलेली असते. बऱ्याच पॅडना पोलादाची छोटी पट्टी असते. मसाला झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते. हा आवाज अनेकदा गाडी नुसती चालतानाही येतो आणि ब्रेक दाबल्यावर बदलतो किंवा थांबतो. तोही दुर्लक्षला तर मसाला संपतो आणि पॅडमागची लोखंडी प्लेट थेट डिस्कवर घासू लागते. हा घरघराट जाड असतो आणि पेडलमधून पायाला जाणवतो. अशी गाडी जागेवरच उभी करावी आणि टोइंग मागवावं.

गॅरेजमध्ये 'आवाज येतो' एवढंच सांगू नका. पहिल्या ब्रेकला की गरम झाल्यावर, ब्रेक दाबून की सोडून, आवाजाची पट्टी वेगाबरोबर उतरते की तीच राहते, एवढं सांगितलंत तर चाक खोलण्याआधीच मेकॅनिकचं अर्धं काम झालेलं असतं.