पार्श्वभूमी : गणपती उठले की सुरू होणाऱ्या शिंका

गणपती उठतात, पाऊस उघडीप देतो आणि कोल्हापुरात काहीजणांच्या शिंका सुरू होतात. सकाळी उठल्या उठल्या ओळीनं आठ-दहा शिंका, नाकातून पाण्याची धार, डोळ्यांना आणि टाळूला खाज. ताप मात्र नाही. घरचे म्हणतात, "धुळीची अ‍ॅलर्जी." त्याच सुमाराला रस्ते वाळून धूळ उडायला लागते, त्यामुळे आळ तिच्यावर जाणं साहजिक. पण घरातली धूळ बारमाही असते. ठरावीक दिवसांत येऊन थंडी पडली की ओसरणारा त्रास बऱ्याचदा परागकणांचा असतो.

हा आजार वैद्यकाच्या नोंदीत आला 1819 साली. जॉन बोस्टॉक या डॉक्टरनं दर जूनमध्ये होणाऱ्या त्रासाची हकिगत लंडनच्या वैद्यकीय सभेपुढं मांडली. रुग्ण तो स्वतःच होता. पुढं नऊ वर्षं शोधून त्याला असे जेमतेम 28 जण सापडले. लोक दोष देत कापलेल्या गवताच्या वासाला. निकाल लागला 1873 मध्ये. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीनं परागकण स्वतःच्या नाकात घातले, कातडीवर ओरखडा काढून चोळले (आजच्या स्किन टेस्टचं मूळ इथलं) आणि चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून उंचावरची हवाही तपासली. त्याला एक गोष्ट खटकली होती. दिवसभर गवतात राबणाऱ्या शेतकऱ्यांना हा त्रास क्वचित, शहरातल्या शिकल्यासवरल्यांना जास्त.

योगायोग असा, की त्याच 1873 साली कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम यांनी तिथल्या तुरुंगांच्या आवारातल्या हवेचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलऱ्याचं आणि तापाचं मूळ हवेत दिसतं का, हे त्यांना पाहायचं होतं. ते काही सापडलं नाही. हाती लागले ते बुरशीचे बीजाणू आणि परागकण. आपल्याकडच्या हवेतल्या कणांचा अभ्यास सुरू झाला तो असा, भलतंच शोधताना.

बोस्टॉकला जूनमध्ये त्रास व्हायचा, कारण इंग्लंडातलं गवत तेव्हा फुलोऱ्यात असतं. कोल्हापुरात जून म्हणजे मृगाचा पाऊस. हवा धुतली जाते आणि ओल्या भिंतींमुळे बुरशीचं राज्य येतं. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी होतं, त्यांना ते सांगायला नको. इथल्या माळावरचं, बांधावरचं, गायरानातलं गवत फुलतं ते भाद्रपद-आश्विनात. म्हणजे आपला मोसम नवरात्राच्या आगेमागे. दुसरा, छोटा मोसम शिमग्याच्या सुमाराला, वावळीसारख्या झाडांचा. गुलमोहरावर मात्र उगाच संशय घेतात. ज्यांचे परागकण कीटक-पाखरं वाहतात अशा भडक फुलांचा नाकाशी फारसा संबंध येत नाही. त्रास देतात ती वाऱ्यावर पराग सोडणारी, दिसायला क्षुल्लक फुलं.

अशा क्षुल्लक फुलांत सर्वांत बदनाम गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. फुलेवाडी रिंग रोडला किंवा कळंब्याकडे एखाद्या मोकळ्या प्लॉटशी थांबून बघा. कंबरेएवढी रोपं, गाजरासारखी चिरलेली पानं आणि चार-पाच मिलिमीटरची पांढरी बोंडकी. एक बोंडकं तळहातावर घेतलं तर कडेला पाच बारीक पाकळ्या दिसतात. पराग येतो तो मधल्या फुलांतून, आणि एकेका रोपातून कोट्यवधी कण सुटतात.

हे गवत अमेरिकेच्या पीएल-480 गव्हातून (म्हणजे त्या क्रमांकाच्या अमेरिकन कायद्याखाली आलेल्या मदतीच्या गव्हातून) आलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. गोष्ट रंगतदार आहे, पण तारखांशी अडखळते. तो कायदा 1954 चा, भारताशी त्याखालचा पहिला करार ऑगस्ट 1956 चा, आणि पुण्यात हे रोप दिसल्याची नोंद 1955 ची. अर्थात अमेरिकन धान्य त्याआधीही आलं होतं, 1951 च्या कर्जातून. शिवाय कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या 1814 च्या यादीतही हे नाव आहे. बी गव्हातून आलं असेलही. गल्लोगल्ली पोचवलं ते मात्र मुरमाच्या ट्रकनं, शेणखतानं आणि प्लॉट पाडून वर्षानुवर्षं मोकळे ठेवणाऱ्यांनी, असं माझं मत.

1970 च्या दशकात पुण्यातल्या डॉक्टरांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाची नोंद केली; पुढं बंगळुरात नाकाच्या अ‍ॅलर्जीचाही संबंध सिद्ध झाला. 1983 मध्ये मेक्सिकोहून त्याची पानं खाणारा भुंगा आणला, 1984 मध्ये बंगळुरूजवळ सोडला. भुंगा पावसाळ्यात जोमानं खातो, पण तण त्याला पुरून उरलंय.

त्यातच ऊस. राधानगरीचं पाणी आणि सहकारी कारखाने यांनी नदीकाठचं शिवार उसाखाली आणलं. दसऱ्या-दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात, गाळप सुरू होतं, पाचट जळतं. परागकणांनी आधीच सुजलेल्या नाकाला मग थोडा धूरही पुरतो. म्हणून कोणी धुराला दोष देतो, कोणी धुळीला, आणि गवत सुटतं.

मोजमापाचं म्हणाल तर 1952 मध्ये इंग्लंडात हर्स्ट यांनी मिनिटाला 10 लिटर हवा ओढून चिकट पट्टीवर कण धरणारं यंत्र केलं. आपल्याकडे औरंगाबादला एस. टी. टिळक यांनी 1970 मध्ये स्वतःचं यंत्र बनवलं. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून कण मोजायचे आणि घनमीटरमागे आकडा काढायचा. ब्रिटनमध्ये गवताच्या परागकणांचा आकडा 50 च्या वर गेला की 'जास्त', 150 ला 'फार जास्त'. मोबाईलवरच्या हवामान अ‍ॅपमध्ये कोल्हापूरसमोर दिसणारा आकडा मात्र सहसा अशा यंत्राचा नसतो, संगणकी मॉडेलचा अंदाज असतो. युरोपातली मॉडेलं बर्च, ऑलिव्ह, रॅगवीड धरून बनली आहेत. रॅगवीड हे गाजर गवताचं भाऊबंद. खुद्द गाजर गवत त्या यादीत नाही. अ‍ॅप 'कमी' म्हणतंय आणि रुमाल हातातून सुटत नाही, असं होतं ते यामुळे.

औषधांत नाकातला स्प्रे आणि गोळ्या आहेतच; अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनांची पद्धत 1911 पासूनची, लंडनच्या लिओनार्ड नून यांची. गाजर गवतावर कृषी खातं आणखी एक उपाय सांगतं: त्याच जागेत पावसाच्या तोंडाला टाकळ्याचं बी फेकायचं, टाकळा दाट माजला की गाजर गवताला जागा उरत नाही. फक्त आपल्याकडे कोवळा टाकळा दिसला की तो आधी भाजीला खुडला जातो.