वॉटर्लूचा ३० मे

अमेरिकेतल्या मराठी घरांत मे महिन्याचा शेवटचा सोमवार बऱ्याच आधीपासून राखून ठेवलेला असतो. मेमोरियल डेची, म्हणजे युद्धांत मेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाची, सुट्टी शनिवार-रविवारला जोडून येते, थंडी एकदाची सरलेली असते, अंगणातला ग्रिल बाहेर निघतो आणि गाद्यांपासून मोटारींपर्यंत सगळ्यावर सेल लागतो. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लू या गावालाही ही सुट्टी मिळते आणि त्या शनिवार-रविवारी तिथे जत्रेसारखी गर्दी होते. पण सैनिकांच्या स्मरणाचा जुना, रिवाजाचा कार्यक्रम गाव ३० मेला करतं, मग तो गुरुवार असो की मंगळवार. यामागे दोन वाद आहेत: हा दिवस सुरू कुठे झाला, आणि तो कोणत्या तारखेला पाळायचा. गावाबाहेर त्यांतला चुकीचा वाद जास्त गाजला, असं माझं मत आहे.

गाव फिंगर लेक्स भागात, सेनेका फॉल्स आणि जिनीव्हा यांच्या मधे आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. गावात सांगतात ती गोष्ट अशी: उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधलं यादवी युद्ध संपलं त्या १८६५ च्या उन्हाळ्यात गावातल्या एका औषधविक्रेत्याने सुचवलं, की परतलेल्यांचे सत्कार चाललेच आहेत, तर न परतलेल्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायला हवीत. सूचना तशीच राहिली. पुढच्या वसंतात त्याने ती जिल्ह्याच्या क्लार्कच्या कानावर घातली. हा क्लार्क युद्धात लढलेला, गावात वजन असलेला माणूस होता. त्याने समिती नेमली, आणि ५ मे १८६६ रोजी झेंडे अर्ध्यावर उतरवून, काळी फीत आणि सदाहरित झाडांच्या डहाळ्या लावून अख्खं गाव तिन्ही दफनभूमींपर्यंत चालत गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा ५ मेलाच तसंच झालं.

तिसऱ्या वर्षी तारीख बदलली. उत्तरेकडच्या माजी सैनिकांच्या देशव्यापी संघटनेने १८६८ साली आदेश काढला, की ३० मेला सगळीकडे सैनिकांची थडगी फुलांनी सजवावीत. त्या वर्षी राजधानीजवळच्या आर्लिंग्टनमध्ये पाच हजार लोकांनी वीस हजार थडगी सजवली. हा आदेश निघाला तो दिवसही योगायोगाने ५ मे हाच होता. वॉटर्लूने आपली तारीख सोडून देशाची घेतली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कने या दिवसाला कायदेशीर सुट्टी दिली. असं करणारं ते पहिलं राज्य. पहिल्या महायुद्धानंतर हा दिवस यादवीपुरता न राहता सगळ्याच युद्धांतल्या मृतांचा झाला. दक्षिणेतल्या काही राज्यांनी आपल्या बाजूच्या मृतांचा दिवस वेगळा ठेवला, तो आजही आहे.

पहिला वाद १९६६ मधला. शंभर वर्षं पुरी होत होती, आणि ‘हा दिवस आमच्याकडे सुरू झाला’ असं सांगणारी गावं ठिकठिकाणी होती; आजवरचे सगळे दावे मोजले तर दोन डझन तरी भरतील. वॉटर्लूच्या मंडळींनी कागदपत्रं जमवली, राज्यपालांची घोषणा मिळवली, मग प्रतिनिधिगृह आणि सिनेट दोन्हीकडे ठराव मंजूर करून घेतला, आणि २६ मे १९६६ रोजी अध्यक्षांच्या सहीने वॉटर्लू मेमोरियल डेचं अधिकृत जन्मस्थान ठरलं. गावातल्या एका जुन्या वाड्यात आज याच विषयाचं संग्रहालय आहे.

निवाड्याची कसोटी नीट पाहण्यासारखी आहे. इतर ठिकाणचे कार्यक्रम आधी झाले असतीलही, पण ते घरगुती होते, गावाने मिळून केलेले नव्हते किंवा एकदाच होऊन गेले, असा वॉटर्लूच्या बाजूने युक्तिवाद होता. सगळं गाव, दुकानं बंद, आणि दरवर्षी, या तीन अटींवर वॉटर्लू पुढे ठरलं. अटी वाईट नाहीत, पण त्या वॉटर्लूच्या मापानेच बेतलेल्या वाटतात. जॉर्जियातल्या कोलंबसच्या महिलांनी मार्च १८६६ मध्ये वर्तमानपत्रांना पत्र लिहून दक्षिणेतल्या सगळ्या गावांना २६ एप्रिल हा दिवस पाळायचं आवाहन केलं. त्याला अनेक गावांकडून प्रतिसाद मिळाला आणि प्रथा दरवर्षी चालू राहिली. मिसिसिपीतल्या कोलंबसमध्ये त्याच एप्रिलमध्ये महिलांनी दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहिली. म्हणजे ‘दरवर्षी’ आणि ‘गावाने मिळून’ या अटी दक्षिणेतही पुऱ्या होत होत्या, तेही वॉटर्लूच्या काही दिवस आधी. हरलेल्या बाजूची गावं असल्यामुळे त्यांचं पारडं हलकं राहिलं का, असा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

त्याहून जुना आणि मोठा प्रसंग दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहराचा. तिथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दक्षिणेच्या फौजेने युद्धकैद्यांची छावणी केली होती. तिथे मेलेल्या उत्तरेच्या २५७ सैनिकांना घाईघाईने एकत्र पुरलं होतं. नुकतेच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी त्यांना पुन्हा रीतसर पुरलं, भोवती कुंपण घातलं आणि १ मे १८६५ रोजी सुमारे दहा हजार लोकांची मिरवणूक काढली. तीन हजारांच्या आसपास तर शाळकरी मुलंच होती. पुढे शहराच्या आठवणीतून हे पुसलं गेलं किंवा पुसलं. १९९० च्या दशकात एका इतिहासकाराच्या हाती जुने कागद लागले, तेव्हा ते पुन्हा चर्चेत आलं. १९६६ च्या कसोटीला चार्ल्स्टनही ‘एकदाच झालेला’ म्हणून बाद झालं असतं. ते एकदाच का झालं, याचं उत्तर त्या कसोटीत नाही.

अलीकडच्या काही संशोधकांनी तर वॉटर्लूची १८६६ ची गोष्ट ही दंतकथाच असल्याचं लिहिलं आहे. त्यांचा मुख्य आक्षेप, की त्या वर्षीचा समकालीन छापील पुरावा नाही. कथा आहे ती नंतरच्या सांगण्यातून आलेली. गावाला हे मान्य नाही. मला विचाराल तर औषधविक्रेत्याची गोष्ट खरी असू शकते, पण जन्मस्थानाची पाटी एवढ्या बळावर लावण्यासारखी नाही.

गावाच्या बाजूने बोलावंसं वाटतं ते दुसऱ्या वादात. १९६८ साली काही राष्ट्रीय सुट्ट्या ठरलेल्या तारखांवरून उचलून सोमवारी नेण्याचा कायदा झाला, तो १९७१ पासून लागू झाला. कारणं साधी होती: कुटुंबांना सलग तीन दिवस मिळतील, प्रवास आणि व्यापार वाढेल, आठवड्याच्या मधे कामात खंड पडणार नाही. ३० मेच्या जागी मेचा शेवटचा सोमवार आला. ११ नोव्हेंबरचा माजी सैनिक दिनही ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी गेला.

माजी सैनिक दिनाचं हे स्थलांतर टिकलं नाही. राज्यांनी मानलं नाही, लोकांनी मानलं नाही, आणि १९७८ पासून तो पुन्हा ११ नोव्हेंबरला आला. कारण त्या तारखेला आधार होता: १९१८ साली त्याच दिवशी अकरा वाजता पहिल्या महायुद्धाच्या तोफा थांबल्या होत्या. ३० मेच्या मागे असं काहीच नव्हतं. कुठल्या लढाईचा वा तहाचा तो दिवस नव्हे. तो निवडण्यामागे, देशभर तोवर फुलं उमललेली असतात, एवढंच कारण असावं असं सांगतात. ज्या तारखेवर काही घडलंच नाही तिच्यासाठी कोण भांडणार? हवाईच्या एका सिनेटरने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ३० मे परत आणणारं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं. ते पुढे सरकलं नाही. माजी सैनिकांच्या एका मोठ्या संघटनेनेही २००२ मध्ये म्हटलं, की तीन दिवसांच्या सुट्टीपायी दिवसाचा अर्थच पातळ झाला. २००० मध्ये संसदेने दुपारी तीन वाजता मिनिटभर स्तब्धतेचा कायदा केला, पण त्या वेळी बहुतेक लोक परतीच्या रस्त्यावर असतात.

वॉटर्लूने ३० मे सोडला नाही. गंमत अशी, की ही तारीख त्यांची स्वतःची नाहीच. स्वतःची ५ मे त्यांनी देशासाठी सोडली होती, आणि देशाने दिलेली तारीख देशानेच सोडल्यावर ती सांभाळत बसले. १९६६ च्या पाटीपेक्षा हे जास्त मोलाचं आहे, कारण याला कोणाचा ठराव लागला नाही आणि त्यातून गावाला सुट्टीही मिळत नाही. ३० मे कामाच्या दिवशी आला, तर मिरवणुकीला येणाऱ्याला कामातून वेळ काढावा लागतो.

२०२२ मध्ये ३० मे सोमवारीच आला, तेव्हा देश आणि गाव एकाच दिवशी दफनभूमीत गेले. पुढचा तसा योग २०३३ मध्ये आहे.